ऊब, कणकण आणि ताप

मराठीतील ‘ताप’ हा शब्द संस्कृत ‘तप्’ ह्या धातूपासून सिद्ध झालेला आहे. तवा तापतो, ऊन तापते आणि रोग्यास तापही येतो; म्हणजे उष्णता आणि व्याधी ह्या दोहोंचा निर्देश आपण एकाच शब्दकुळाने करतो. मासिक पाळीसंबंधी बोलताना ह्यामुळे होणारा घोटाळा केवळ शब्दापुरता राहत नाही.

निरोगी स्त्रीचे तापमान महिनाभर सारखे नसते. अंडमोचनानंतर अंडाशयात पीतपिंड तयार होतो व त्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवू लागते. त्याच्या प्रभावाने मेंदूतील अधोथॅलॅमस हा भाग शरीराच्या उष्णतेची पातळी किंचित वर नेतो. ही वाढ ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइट मापाने सुमारे अर्धा ते एक अंश, इतकीच असते. ती सुमारे दोन आठवडे टिकते आणि पाळी येण्याच्या सुमारास ओसरते. अमेरिकन वैद्य मेरी पटनम जेकोबी ह्यांच्या १८७६ सालच्या पारितोषिकप्राप्त निबंधात अशा चढउताराची नोंद आढळते. ह्या उबेस ताप म्हणता येणार नाही.

ह्यावरून उघड होते की, स्राव चालू असताना तापमान उतरलेले असावयास हवे. त्या दिवसांत अंग दुखते, क्वचित कणकणही वाटते. परंतु पारा १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर त्याचे कारण पाळीत नव्हे, हिवताप अथवा मूत्रमार्गाचा वा गर्भाशयाचा जंतुसंसर्ग अशा विकारांत शोधले पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यात हा भेद विशेष अगत्याचा आहे. येथील उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचतो. शेतात राबलेल्या स्त्रीचे अंग सायंकाळी गरम लागले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मासिक चढउतार पाहावयाचा तर पहाटे अंथरूण सोडण्यापूर्वीच तापमान मोजावे. हुडहुडी भरली असता मात्र त्याच वेळी मोजावे. पावसाळ्यात व त्यानंतर हिवतापाचे दिवस येतात. तेव्हा ‘पाळीमुळे अंग तापले’ हे समाधान जिवावर बेतू शकते.

‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’ ह्या आडपडद्याच्या शब्दप्रयोगांनी स्त्रीचे घरातील स्थान कळते, प्रकृती कळत नाही. ‘ती बाहेरची आहे’ एवढे म्हटले की पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ‘अंगात ताप किती आहे?’ हाच तो प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर शब्दाने नव्हे, तापमापकाने द्यावयाचे असते.