आजींचा चेहरा अंधारात राहू नये

काही वर्षांपूर्वी नांदेडच्या एका वस्तीत आम्ही व्हिडिओ कॅमेरा घेऊन एका आजींकडे गेलो होतो. नामांतराच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास सोसलेला. पत्र्याची खोली, एकच खिडकी, आणि आम्ही आजींना नेमके खिडकीकडे पाठ करून बसवले. आजी तासभर बोलल्या. घरी येऊन टीव्हीवर पाहतो तर खिडकी लखलखीत आणि आजींचा चेहरा काळाठिक्कर! पुन्हा जाऊ म्हणता म्हणता आजी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी नातवाने कॅसेट मागितली, तेव्हा आमची मान वर होईना.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. हे सारे डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थकली आहेत. त्यांचे बोल आपणच टिपायला हवेत. आज मोबाइल हाती आला असला तरी कित्येक घरांच्या कपाटात जुना हँडीकॅम आहे. कमी उजेडाचे नियम दोघांनाही सारखेच.

घरगुती कॅमेऱ्याचा डोळा लहान असतो. उजेड कमी पडला की तो आतल्या आत चित्र वाढवून घेतो. त्याला 'गेन' म्हणतात. मग चित्रावर मुंग्या आल्यासारखे ठिपके दिसतात. यावर खरा उपाय एकच : उजेड वाढवा. बोलणाऱ्याला खिडकीकडे तोंड करून बसवा. रात्री एक-दोन जादा एलईडी बल्ब लावा, पण थेट डोळ्यांवर नको. चुना दिलेल्या भिंतीवर किंवा पांढऱ्या चादरीवर उजेड पाडला की तो मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. उघडा बल्ब निम्म्या अंतरावर आणला तर उजेड चौपट होतो, हा हिशेब लक्षात ठेवावा.

दुसरे, झूमचा मोह सोडा. बऱ्याच कॅमेऱ्यांत झूम वाढवले की आत येणारा उजेड घटतो. झूम मागे घ्या आणि आपणच चार पावले पुढे जा. आवाजही स्वच्छ येतो. कॅमेरा तिपाईवर ठेवा. तिपाई नसेल तर स्टुलावर पुस्तके रचा.

तिसरे, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० वर ठेवले तर पडद्यावर पट्टे सरकत नाहीत. त्याहून संथ शटरने उजेड वाढतो, पण ढोलकीवाल्याचा हात पुसट होतो. अंधारात कॅमेरा फोकस शोधत चाचपडतो, म्हणून फोकस एकदा चेहऱ्यावर बसवून हाताने पक्का करावा. रंगासाठी 'व्हाइट बॅलन्स' एखाद्या उपासिकेच्या पांढऱ्या साडीवर जुळवावा. विहारात बुद्धमूर्तीमागे दिव्यांच्या माळा असतात. तिथे 'बॅकलाइट'चे बटण दाबावे, नाहीतर वंदना घेणारे भन्तेजी काळे दिसतील. 'नाइटशॉट' मात्र टाळावे, माणसे हिरवी दिसतात.

पुढे लातूरच्या एका विहारात आम्ही हे सारे पाळले. तरुणांनी घरून बल्ब आणले, एकाने चादर धरली. एक वृद्ध कार्यकर्ते बोलत असताना त्यांच्या डोळ्यांतले पाणीसुद्धा पडद्यावर दिसले. बायाबापड्या ते पाहून स्तब्ध झाल्या.

आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट चौदा वर्षे चित्रण करून २०११ मध्ये पूर्ण केला. आपण निदान एक पौर्णिमा तरी द्यावी. वस्तीतील सर्वांत वयस्क माणसापासून सुरुवात करावी. आधी पाच मिनिटे घेऊन टीव्हीवर तपासावे, मगच पुढे जावे. चित्रणाच्या दोन प्रती करून दोन घरी ठेवाव्यात आणि जुन्या कॅसेटींवरचे बुरशी लागण्याआधी उतरवून घ्यावे.

आमची एक आजी अंधारात राहिली. तुमची राहू नये. जयभीम!