अजानवृक्षाची मुळी आणि ज्ञानेश्वरीची शुद्धी

हट्टा (जि. हिंगोली) : याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीस घेतलेल्या समाधीचे वर्णन त्यांच्या अभंगांत आहे. पुढे समाधीपाशीच्या अजानवृक्षाची मुळी ज्ञानेश्वरांच्या कंठाला लागली आणि ती काढण्याची आज्ञा एकनाथांना स्वप्नात झाली, असे परंपरा सांगते. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. कंठातली मुळी म्हणजे वाणीला पडलेला अडथळा; खरे तर ग्रंथात शिरलेले अपपाठच उपटायचे होते, असा या प्रतीकाचा अर्थ लागतो. मध्ययुगीन युरोपातही आदामाच्या थडग्यावर उगवलेल्या वृक्षाच्या लाकडापासून येशूचा क्रूस घडला, अशी कथा रूढ होती. तो वृक्ष मात्र तोडला गेला. आळंदीच्या अजानवृक्षाखाली आजही ज्ञानेश्वरीचे पारायण चालते.