रानात शिरण्याची रीत

उत्सुक प्रवाशाची वाट : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण फिनलंडची सरोवरं पाहिली. आज तिथल्या रानात शिरू आणि तिथून आपल्या सह्याद्रीत, कॅसलरॉकला उतरू. फिनलंडला जाऊन आलेली माणसं उत्तरेच्या आकाशातल्या प्रकाशाबद्दल भरभरून बोलतात. मला त्या देशाची खरी ओढ वाटते ती रान आणि माणूस यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरत आलेल्या रीतीमुळे.

फिनलंडची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली आहे आणि त्यातलं निम्म्याहून अधिक जंगल खासगी मालकीचं आहे. तरीही त्यातून कुणालाही चालता येतं, रात्रीपुरता तंबू ठोकता येतो, रानफळं आणि अळंबी वेचता येतात. हा प्रत्येकाचा हक्क मानला जातो, मग तो माणूस परदेशी का असेना. मात्र जमीनमालकाला विचारल्याशिवाय आग पेटवायची नाही, झाड तोडायचं नाही, कुणाच्या अंगणात शिरायचं नाही, घरट्यातल्या पक्ष्यांना त्रास द्यायचा नाही. हक्क आणि मर्यादा मुलं एकदमच शिकतात.

उन्हाळा सरता सरता घरोघरची माणसं बादल्या घेऊन निळ्या बिलबेरी आणि लाल लिंगनबेरी वेचायला निघतात. लॅपलंडच्या दलदलीत सोनेरी क्लाउडबेरी मिळते. रानातून वेचलेली ही फळं विकली, तर त्या कमाईवर आयकर लागत नाही. ही सारी बेगमी हिवाळ्यासाठी असते. अगदी उत्तरेच्या उत्स्योकी भागात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. अशा ऋतूत आधार असतो तो सौनाचा. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या या देशात जवळपास ३० लाख सौना आहेत. पूर्वी बाळंतपणं त्याच ऊबदार खोलीत होत आणि मृतांना शेवटची आंघोळही तिथेच घालत. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

आता कॅसलरॉक. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातलं हे घाटमाथ्यावरचं गाव. पुण्या-मिरजेकडून गोवा एक्स्प्रेसने निघालं, की लोंढा मागे टाकून गाडी इथे थांबते. पुढे कुळेपर्यंतचा उतार इतका तीव्र, की सदतीस फूट पुढे जाताना एक फूट खाली यावं लागतं. म्हणून घाटात गाडीला जादा इंजिनं जोडतात. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर हा मार्ग आखला गेला आणि १८८८ मध्ये सुरू झाला. गोवामुक्तीपर्यंत हे सरहद्दीचं स्टेशन होतं. इकडचे जकात अधिकारी इथे सामान तपासत आणि पोर्तुगीजांची तपासणी कुळ्याला होई. घाटात ३१० मीटरवरून कोसळणारा दूधसागर गाडीतूनच दिसतो.

बहुतेक प्रवासी एवढं पाहून पुढे जातात. भोवतीचं रान काळी व्याघ्र प्रकल्पाचं आहे. इथे वाघ आहे, काळा बिबट्या आहे, धनेश आहेत. फिनलंडसारखं वाटेल तिथे चालायची मुभा इथे नाही आणि ती नसणंच योग्य आहे. रुळांवरून दूधसागरपर्यंत पायी जायलाही बंदी आहे. ती पाळावी, कारण बोगदे अरुंद आहेत, वळणं आंधळी आहेत आणि पावसात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

मग जिज्ञासू माणसाने इथे काय पाहावं? रानाशी रीतीने वागणारी माणसं. जोयड्याचे कुणबी कोकणीची आपली बोली बोलतात, गवळी धनगरांच्या घरात मराठीची बोली ऐकू येते. कुणब्यांच्या परसात आणि रानाकाठच्या जमिनीत कोनफळ, कणगी, करांदे, मुडली अशी कंदमुळं असतात. पाऊस सरल्यावर ती खणून काढायची, काही खायची, काही विकायची आणि काही पुढच्या लागवडीला राखून ठेवायची. हे राखून ठेवणं कुणी कायद्याने शिकवलेलं नाही. जोयडा गावात कंदमुळांचा मेळा भरतो, तेव्हा किती जातींचे, आकारांचे, रंगांचे कंद या लोकांनी सांभाळले आहेत ते एका जागी दिसतं. एवढी विविधता कुठल्याही बाजारात मिळायची नाही, कारण बाजार फार तर दोन-चार जातींना विचारतो.

उत्स्योकीला अंधाराचे दिवस आहेत, कॅसलरॉकला महिनोन्‌महिने कोसळणारा पाऊस. दोन्हीकडे कठीण ऋतूनेच माणसाला साठवायला, वाटून खायला आणि रानाकडून बेताने घ्यायला शिकवलं आहे. परंपरा पाहायची ती इथे. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: कॅसलरॉकला गेलात तर एक रात्र तालुक्यातल्या एखाद्या घरगुती निवासात राहा. स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याला त्याचे पैसे मनापासून द्या. वनखात्याच्या परवानगीशिवाय रानात पाऊल टाकू नका. जेवताना ताटातला कंद कुठून आला, कोणी लावला, बियाणं कोणी जपलं ते विचारा. या प्रश्नांनी कॅसलरॉक जितकं कळेल तितकं धबधब्याच्या छायाचित्रांनी कळणार नाही, आणि हेच प्रश्न पुढे फिनलंडलाही तुमच्या उपयोगी पडतील.

पुढच्या लेखांकात: जोयड्यातल्या डिग्गीला उगम पावणारी काळी नदी, तिच्यावरचं सुपा धरण आणि त्या पाण्याखाली गेलेलं सुपा गाव.