विस्मय : रोजच्या जगण्यातील एक लाभ

विस्मय म्हटला की आपल्यापुढे हिमालय तरी उभा राहतो, नाही तर अथांग सागर. तो अनुभव घ्यावयाचा तर लांबचा प्रवास हवा, सवड हवी आणि गाठीला पैसा हवा, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे ते पाहू.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव सांगितला आहे. स्थायीभाव मनात मुळातच वसत असतो. निमित्त मिळाले की तो जागा होतो. आधुनिक मानसशास्त्राचे लक्ष मात्र त्याच्याकडे उशिराच गेले. २००३ साली केल्टनर आणि हाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्याची दोन लक्षणे मांडली : समोरची गोष्ट आपल्याहून फार मोठी वाटते, आणि ती आपल्या नेहमीच्या कल्पनांत मावत नाही.

याचा उपयोग काय, असे कोणीही विचारील. २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग पाहा. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे काही विद्यार्थ्यांना निलगिरीच्या उंच झाडांकडे मिनिटभर पाहावयास सांगितले, काहींना उंच इमारतीकडे. मग एकाने हातातली पेने मुद्दाम खाली सांडली. झाडे पाहिलेल्यांनी ती अधिक उचलून दिली. २०२० सालच्या दुसऱ्या प्रयोगात काही वृद्ध मंडळी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे, नवलाने पाहत फिरली. त्यांनी स्वतःची जी छायाचित्रे काढली त्यांत त्यांची आकृती हळूहळू लहान होत गेली, परिसर मोठा झाला आणि चेहऱ्यावरचे हसू रुंदावले. ‘मी’ थोडा आकसला की शेजाऱ्याला जागा होते, एवढेच यातील मर्म.

मात्र एक सावधगिरी हवी. डामडौलानेही माणूस दिपतो, आणि दिपलेला माणूस प्रश्न विचारीत नाही. म्हणून विस्मयापाठोपाठ ‘हे असे का?’ हा प्रश्न यावयास हवा. मे महिन्याच्या मध्यास पुण्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे विषुववृत्त व कर्कवृत्त यांमधल्या प्रदेशात हे वर्षातून दोनदा घडते. कारण कळले म्हणून नवल ओसरत नाही. उलट, त्या काठीच्या बुंध्याशी साऱ्या पृथ्वीची सूर्याभोवतीची वाटचाल दिसू लागते. त्या दुपारी मुलांना घेऊन अंगणात एक काठी अवश्य रोवावी. खर्च काही नाही.