समुद्राकडे जाणारी पायवाट

रविवारी क्युरपीप, वाक्वा किंवा कात्र-बोर्नहून पाहुणे आले की गाडीतून उतरताच त्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "काय शांत आहे हो तुमच्याकडे!" मग सुरूच्या झाडांखाली चटया पसरल्या जातात, बिर्याणीचे पातेले उघडते, मुले पाण्यात डुंबतात. दिवस कलला की सगळे आवरून निघतात आणि गाड्या वळणाआड दिसेनाशा होतात. मागे आम्ही राहतो आणि आमची शांतता राहते.

ही शांतता आतून कशी असते, हे सावान जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हा काही मराठी कुटुंबांच्या वतीने वाचकांस सांगावे, म्हणून हा लेख. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. रिआंबेलपासून बे-द्यू-कापपर्यंत कोणतेही गाव डोळ्यांपुढे आणले तरी चालेल.

पहिली गोष्ट ही की, शांत म्हणजे निःशब्द नव्हे. रात्री अंथरुणावर पडले की दूर रेसीफवर फुटणाऱ्या लाटांची गाज ऐकू येते. ती बारा महिने, चोवीस तास चालू असते, म्हणून दिवसा कानाला जाणवतही नाही. आमच्या बेटाचा किनारा सुमारे ३२२ किलोमीटरचा आणि त्याला वेढणारी प्रवाळाची भिंत सुमारे १५० किलोमीटरची. या भिंतीमुळेच आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. भिंत नसती तर काय झाले असते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सुयाकजवळच्या ग्री-ग्रीला जावे. तेथे प्रवाळ नाही, आणि समुद्र थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतो. जून ते ऑगस्टच्या थंडीत दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतात, तेव्हा आमच्याकडेही गाजेचा सूर बदलतो. म्हातारे कोळी अंथरुणातूनच सांगतात, "उद्या पिरोग काढू नका." मग वाक्व्याच्या हवामान कार्यालयाची सूचना रेडिओवर येते.

दुसरी गोष्ट कामाची. पाहुणे झोपेत असतात तेव्हा आमचे गाव जागे झालेले असते. अंधारातच पिरोग पाण्यात लोटली जाते. आदल्या दिवशी टाकलेले काजिये, म्हणजे मासे धरण्याचे पिंजरे, वर ओढायचे असतात. कापितेन, कोर्दोनिये, व्हिएय जे काही मिळेल ते धक्क्यावर येते, आणि तेथे वजनकाटा घेऊन 'बन्याँ' उभा असतो. हा शब्द आपल्या 'बनिया'वरूनच आला, पण हा व्यापारी कोणत्याही जातिधर्माचा असू शकतो. वाईट हवेच्या दिवसांसाठी सरकार नोंदलेल्या कोळ्यांना भत्ता देते, त्यावर चूल पेटते. तोवर पाववाला मोटारसायकलचा हॉर्न वाजवीत येतो आणि पहिली बस निघते. तिच्यात हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या आमच्या सुना-मुली आणि बागेचे काम करणारी मुले बसलेली असतात. बेल-ओंब्रचा साखर कारखाना बंद झाला, त्याचे धुराडे तेवढे उभे आहे. आजोबांच्या हातात कोयता होता, नातवाच्या हातात खानसाम्याचा तवा आहे. बदल वाईट म्हणवत नाही. पण आजोबा घामाघूम होऊन दुपारी घरी येत, नातू रात्री अकराच्या पुढे येतो, एवढे खरे.

ओहोटीच्या वेळी बायका लोखंडी सळई घेऊन खडपांवर ऊरीत टिपायला जातात. २०१६ सालापासून १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या दोन महिन्यांत ऊरीत धरण्यास बंदी आहे, म्हणजे त्यांची पिल्ले वाढावीत. प्रथम कुरकूर झाली. पण आमच्या एका आजींनी ध्यानात आणून दिले, "अरे, हा तर गणपतीचा काळ! आपण घरात मासळी शिजवीत नाही, मग समुद्रालाही उपास असू दे की!" त्या दिवसापासून आमच्या घरात या बंदीला 'समुद्राचा उपास' असेच नाव पडले.

आमचे पूर्वज बहुतेक कोकणातून मुंबई बंदरामार्गे आले. समुद्र त्यांना नवा नव्हता, तरी येथला समुद्र पाहून त्यांना नवल वाटले असावे. मुंबईच्या बाजूला उधाणाचे पाणी चार मीटरपर्यंत चढते, आणि ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. येथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा. समुद्र उसळत नाही, फार मागे सरत नाही, जागच्या जागी श्वास घेतो. तरीही 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द आमच्या घरांत अजून ऐकू येतात. घरात दिवसभर क्रिओली बोलतात, पण चंद्र आणि पाणी यांचा विषय निघाला की आजीच्या तोंडून मराठी येते.

हा किनारा निर्जन वाटतो, पण जगापासून तुटलेला कधीच नव्हता. डिसेंबर १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज नकाशाकार गळक्या गलबतातून बे-द्यू-कापला उतरला. फ्रेंच गव्हर्नर दकाँ याने त्याला अडकवून ठेवले ते १८१० पर्यंत. जून १९२३ मध्ये 'ट्रेव्हेसा' हे जहाज हिंदी महासागरात बुडाले, आणि पंचवीस दिवस उघड्या होडीत काढून त्याचे काही खलाशी बेल-ओंब्रला लागले. दोन्ही ठिकाणी स्मारके आहेत. समुद्रातून आलेल्या माणसाला किनारा लागतो तेव्हा तेथे कोणीतरी राहत असावे लागते. आम्ही येथे राहतो याचा हाही एक उपयोग आहे, असे आम्हांस वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली ती सांगतो.

आमच्या वस्तीतून समुद्राकडे जाणारी एक पायवाट होती. रुंदी एका हातगाडीची, दोन्ही बाजूंना बदामाची झाडे. याच वाटेने कोळी पहाटे जात, बायका ऊरीत घेऊन येत, मुले पोहायला पळत आणि वर्षातून एकदा आमचे गणपती विसर्जनाला निघत. झाकरी नाचत नाचत वाळूपर्यंत जायचे, गुडघाभर पाण्यात उभे राहून मूर्ती सोडायची, परत येताना मूठभर वाळू घरी आणायची. ही वाट कोणाची, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांना कधी पडला नाही.

वाट आमच्याच एका कुटुंबाच्या जमिनीतून जात होती. म्हातारा-म्हातारी गेली. मुले शहरात, एक मुलगी परदेशी. कोणी येथे राहणारे नव्हते, कर भरावा लागत होता, घर मोडकळीला आले होते. त्यांनी जमीन विकली. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? आमच्यापैकी किती जणांनी तेच केले असते! परंतु नोतेरपुढे सही करताना कागदात वाटेचा उल्लेख करायचे कोणाच्याही मनात आले नाही. पुढच्या वर्षी गणपती घेऊन आम्ही गेलो तर भिंत उभी होती आणि भिंतीत लोखंडी फाटक.

फाटकावर पहारेकरी होता तो गावचाच पोरगा, आमच्या शाळेत शिकलेला. बोलणे क्रिओलीत झाले, मराठीत सांगतो. आजी म्हणाल्या, "बाळा, उघड. बाप्पाला उशीर होतो."

तो मान खाली घालून म्हणाला, "आजी, माझी नोकरी जाईल."

"तुझे बारसे झाले तेव्हा तुझ्या आईला याच वाटेने समुद्रावर नेले होते मी."

पोराच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने मालकाला फोन केला. ढोलकी थांबली होती, गाज तेवढी ऐकू येत होती. दहा मिनिटांनी फाटक उघडले. मालक माणूस वाईट नाही, विसर्जनाच्या दिवशी फाटक उघडे ठेवण्याचे त्याने कबूल केले आहे आणि शब्द पाळतो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मात्र कोळी अर्ध्या तासाचा वळसा घेऊन जातात, आणि म्हाताऱ्या बायकांनी ऊरीतला जाणे सोडून दिले आहे.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. भरतीच्या पाण्याच्या रेषेपासून आत सुमारे ८१ मीटरचा पट्टा, ज्याला आपण 'पा जेओमेत्रिक' म्हणतो, तो सरकारी मालकीचा आहे. ज्या दकाँने फ्लिंडर्सला कोंडले, त्याच्याच १८०७ च्या हुकुमात या पट्ट्याचे नियम सापडतात. सरकार तो भाड्याने देते, पण विकत नाही. वाळूवर चालण्यास कोणी मनाई करू शकत नाही. मात्र वाळूवर पोचायचे कसे? फ्रेंच अमलापासून चालत आलेल्या आपल्या दिवाणी कायद्यात, दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क नुसत्या वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने मिळत नाही, त्याला लेखी दस्त लागतो. शंभर वर्षे पावले पडली तरी कायद्याच्या दृष्टीने वाट कोरी. हे आम्हांला भिंत उभी राहिल्यावर कळले.

म्हणून शहरातील आमच्या बंधु-भगिनींना एकच विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांची वडिलोपार्जित जमीन किनाऱ्यालगत आहे. एखाद्या भावाने घर बांधले, बाकीचे शहरात गेले, वाटण्या राहिल्या. उद्या ती विकावी लागली तर जरूर विका, गरज कोणाला नसते? पण सही करण्यापूर्वी एकदा येथे या. रविवारी नको, मधल्या वारी या. त्या जमिनीतून कोण कोण ये-जा करते ते पहा. आणि मग नोतेरला सांगून 'द्र्वा द पासाज' म्हणून ती वाट दस्तात लिहवून घ्या. हाताच्या रुंदीची ओळ पुरते.

शांतता आवडते असे सगळेच म्हणतात. पण माणसे उठून गेल्यावर जी उरते ती शांतता नव्हे, ओसाडपणा होय. पहाटेचे पिरोगचे इंजिन, पाववाल्याचा हॉर्न, खडपांवरच्या बायकांची हाक आणि विसर्जनाची ढोलकी, या सर्वांच्या मधल्या जागेत आमची शांतता राहते. समुद्राकडे जाणारी वाट बंद झाली की हे आवाज एकेक करून थांबतात.

यंदाच्या विसर्जनालाही फाटक उघडेल. आपण या. परत जाताना मूठभर वाळू घेऊन जा, आणि घरी गेल्यावर कपाटातला जुना दस्त एकदा काढून वाचा.