देवराई आणि विज्ञान

मुळशी म्हटलें कीं आपणांस सेनापति बापट आणि १९२१ चा सत्याग्रह आठवतो, व तें योग्यच आहे. परंतु त्याच तालुक्याच्या डोंगरउतारांवर श्रद्धा व शास्त्र यांची एक जुनी गांठ पडलेली आहे. तिकडे सुशिक्षितांचें लक्ष क्वचित् जातें. ती म्हणजे देवराई.

पौडाहून ताम्हिणी घाटाकडे निघालें म्हणजे बोडक्या टेकड्यांमध्यें एकाएकीं एखादी काळीशार, गच्च राई दिसते. आंत शेंदूर फांसलेला तांदळा. नियम एकच : येथील काडीसुद्धां न्यावयाची नाहीं, नेली तर देवी कोपेल. याहून अधिक कारण कोणी देत नाहीं.

हें ऐकून आपल्या घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी मान डोलावतात, कॉलेजांतला मुलगा हंसतो. देवीचा कोप प्रयोगानें सिद्ध होत नाहीं, हें त्याचें म्हणणें अगदीं खरें. पण त्याच्याच पक्षाच्या पंडितांनीं या देवस्थानांची थट्टा केली नाहीं. गणिती दामोदर कोसंबी निरीश्वरवादी होते. तरी पुण्याभोंवतालचीं ग्रामदैवतें पायीं हिंडून त्यांनीं त्यांचें मूळ शेतीपूर्वींच्या समाजांत शोधलें, आणि तो विचार १९६२ सालीं ग्रंथरूपानें मांडला. पुढें विज्ञानवर्धिनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं सह्याद्रींतील रायांचा अभ्यास करून १९७६ सालीं निबंध प्रसिद्ध केला. बाहेर दुर्मिळ झालेले वृक्ष, गारंबीसारख्या प्रचंड वेली तेथें सुरक्षित होत्या.

याच अभ्यासाच्या काळांतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. घाटाखालीं, श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी नांवाच्या खेड्यांत काळकाईची राई होती. सरकारी जंगलखातें ती तोडणार असें कळतांच गांवकरी डॉ. वर्तकांकडे आले. त्यांनीं केवळ देवीचें नांव पुढें केलें नाहीं. गांवचा ओढा त्या राईंतून येतो, ती गेली तर पाणी जाईल, असें सांगितलें. शास्त्रज्ञांनीं शब्द टाकला व राई वांचली.

कारण साधें आहे. ताम्हिणीच्या बाजूस वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण उघड्या उतारावरून तो मातीसह धांवत सुटतो. राईंत पानें त्याचा मारा झेलतात, पालापाचोळा त्याला थोपवितो, मुळें जमिनींत वाट देतात. म्हणून वैशाखांतही राईच्या पायथ्याला ओल असते.

यावरून पूर्वजांना सर्व विज्ञान अवगत होतें, असा डांगोरा पिटणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. भीति म्हणजे ज्ञान नव्हे. शिवाय श्रद्धा नेहमीं राखणच करते असेंही नाहीं. देवळाच्या जीर्णोद्धारासाठीं राईंतलेच वृक्ष विकल्याचीं उदाहरणें सह्याद्रींत आहेत. सावलींतल्या तांदळ्याला सिमेंटचा कळस मिळाला, आणि देवीचें खरें घर लांकडाच्या भावानें गेलें. हें करणारे नास्तिक नव्हते.

मग हंसणाऱ्या मुलाला काय सांगावें? भिऊं नको, हें तर खरेंच. पण कोयता उचलण्यापूर्वीं ओढ्याचा उगम पाहून ये, एवढें म्हणावें. २०१३ सालीं ताम्हिणीचें अभयारण्य झालें. त्याच्या हद्दीबाहेरील गांवच्या रायांना मात्र तें कुंपण नाहीं. पुण्याजवळ म्हणून तेथील जमिनीला आतां मोल आलें आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं रखवालदार म्हणून अजून देवीच उभी आहे.