जाहिरातीतली पोकरवाली

म्हसाच्या जत्रेत बैल घ्यायला गेलेला मुरबाडचा शेतकरी आधी त्याचे दात बघतो, चार पावलं चालवून पाहतो. मोबाइलवर ‘खेळा नि जिंका’ म्हणणाऱ्यांना मात्र कुणी काही विचारत नाही!

पोकरच्या जाहिरातीचं चित्रीकरण चालू असताना एखादी नामांकित खेळाडू समोर भेटलीच, तर आपण काय विचारू? ‘किती जिंकलात?’ हेच ना? विचारायला हवं, ‘हरले किती जण?’ निकिता लूथरचंच घ्या. २०१८ साली लास व्हेगासला जागतिक मालिकेत जोडीदाराबरोबर खेळून तिने मानाचं सोन्याचं कडं पटकावलं. भारतीय बाईला ते पहिल्यांदाच मिळालं. कौतुक आहेच. पण त्या स्पर्धेत १,००० डॉलर भरून हजारावर संघ उतरले होते, आणि बहुतेक रिकाम्या हातांनी परतले. त्यांची जाहिरात कोण काढणार?

मुरलेले खेळाडू खेळाचा पैसा घरखर्चापासून वेगळा ठेवतात. आपल्या शहापूरकडच्या घरात भाताचे पैसे नि मुलीची फी एकाच डब्यात! हरलं की दोन्ही जातं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आणणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. तेव्हा यजमान चोरट्या ॲपवर फसले असतील, तर पोलिसांच्या धाकाने गप्प बसू नका. १९३० वर फोन लावा, आणि तोही लगेच. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.